ब्रँड वाढला, संस्थापिका बाजूला : रिचा कर यांच्या वाटचालीचा अर्थ

बंगळुरू : महिलांच्या अंतर्वस्त्रांची इंटरनेटवरून विक्री करणारी 'झिवामे' ही कंपनी रिचा कर यांनी २०११ साली बंगळुरूत सुरू केली. त्यानंतर सहा वर्षांच्या आत, फेब्रुवारी २०१७ मध्ये, त्या कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकारी पदावरून दूर झाल्या. २०२० साली कंपनीवर रिलायन्स समूहाचे नियंत्रण आले. झिवामे हे नाव आजही बाजारात आहे. ज्या महिलेने ते रुजवले, तिच्या हाती मात्र कंपनीची सूत्रे उरली नाहीत. फॅशन आणि सौंदर्यप्रसाधनांच्या व्यवसायात उतरणाऱ्या महिला उद्योजकांच्या दृष्टीने या घटनाक्रमाचा अर्थ तपासून पाहण्यासारखा आहे.

न बोलल्या जाणाऱ्या गरजेचा व्यवसाय

रिचा कर यांचे बालपण जमशेदपूरमध्ये गेले. पिलानी येथील बिट्स संस्थेतून अभियांत्रिकीची पदवी घेतल्यानंतर त्यांनी मुंबईच्या नरसी मोनजी व्यवस्थापन संस्थेतून २००७ साली व्यवस्थापनाचे शिक्षण पूर्ण केले. पुढे स्पेन्सर्स या किरकोळ विक्री साखळीत आणि सॅप या सॉफ्टवेअर कंपनीत त्यांनी नोकरी केली. सॅपमध्ये असताना 'व्हिक्टोरियाज सीक्रेट' या अमेरिकी अंतर्वस्त्र ब्रँडच्या व्यवसायाशी त्यांचा परिचय झाला आणि भारतातील बाजारपेठेचा अभ्यास त्यांनी सुरू केला.

त्यांना जे आढळले ते कोणत्याही भारतीय स्त्रीला नवीन नव्हते. पुण्याचा लक्ष्मी रस्ता असो, दादरचा बाजार असो वा एखाद्या तालुक्याच्या गावातील होजिअरीचे दुकान, काउंटरपलीकडे बहुधा पुरुष विक्रेता असे. माप नीट विचारले जात नसे. घालून पाहण्याची सोय नसे. खोक्यातून काढून दिलेली वस्तू घाईघाईने कागदात गुंडाळून घेऊन ग्राहक बाहेर पडत असे. परिणामी चुकीच्या मापाचे कपडे वर्षानुवर्षे वापरले जात. ही अडचण घरोघरी होती, पण ती उघडपणे मांडली जात नव्हती.

बचत आणि आप्तमित्रांकडून उभारलेल्या सुमारे ३५ लाख रुपयांच्या भांडवलावर झिवामे सुरू झाली. हिब्रू भाषेत 'झिवा' म्हणजे तेज, त्यावरून हे नाव घेण्यात आले. सुरुवातीचा विरोध घरातूनच होता. मुलगी काय विकते हे मैत्रिणींना कसे सांगायचे, असा प्रश्न आईला पडला होता, असे कर यांनी मुलाखतींमध्ये सांगितले आहे. कार्यालयासाठी जागा भाड्याने घेताना घरमालकाला आपण इंटरनेटवरून कपडे विकतो, एवढेच सांगून त्यांनी वेळ निभावून नेली.

इंटरनेटचे माध्यम या व्यवसायाला अनुकूल ठरले. दुकानदाराची नजर टळली आणि माल साध्या खोक्यातून घरी येऊ लागला. योग्य माप कसे घ्यावे हे फोनवरून समजावून सांगणाऱ्या महिला सल्लागार कंपनीने नेमल्या. मोठी दुकाने नसलेल्या शहरांतील स्त्रियांना प्रथमच अनेक ब्रँड आणि मापे एका ठिकाणी पाहता आली.

मापांचे गणित आणि भांडवलाची भूक

बाहेरून सोपा दिसणारा हा व्यवसाय प्रत्यक्षात खर्चिक आहे. साडीला माप नसते. शर्टाची पाच-सहा मापे ठेवली तरी भागते. ब्राच्या बाबतीत मात्र छातीखालचा घेर आणि कप अशी दोन मापे एकत्र जुळावी लागतात. घेराची आठ आणि कपाची सहा मापे धरली, तर एकाच नमुन्याचे ४८ प्रकार होतात. तोच नमुना तीन रंगांत ठेवायचा म्हटल्यास ही संख्या १४४ वर जाते. यातील काही मापे झटपट विकली जातात, तर काही महिनोन्महिने गोदामात पडून राहतात. नेमके हवे ते माप नसेल तर ग्राहक निघून जातो, आणि सगळी मापे ठेवावीत तर पैसा मालात अडकतो. त्यात माल परत येण्याचा आणि घरपोच रोख रक्कम गोळा करण्याचा खर्च मिळवावा लागतो.

त्यामुळे बाहेरच्या भांडवलाला पर्याय नव्हता. २०१२ साली आयडीजी व्हेंचर्स आणि पुढे कलारी कॅपिटल या नावाने ओळखली गेलेली संस्था यांनी झिवामेत पैसा गुंतवला. २०१३ च्या अखेरीस रॉनी स्क्रूवाला यांची युनिलेझर व्हेंचर्स आली. सप्टेंबर २०१५ मध्ये झोडियस आणि मलेशिया सरकारची गुंतवणूक संस्था खजाना नॅशनल यांनी सुमारे २५० कोटी रुपये गुंतवण्याचे जाहीर केले. केवळ महिलांच्या अंतर्वस्त्रांवर उभ्या असलेल्या भारतीय कंपनीसाठी ही असाधारण रक्कम होती.

याला सरकारी धोरणाचीही एक बाजू आहे. परदेशी भांडवल घेतलेल्या कंपनीला अनेक ब्रँडचा माल स्वतः विकत घेऊन इंटरनेटवरून थेट ग्राहकाला विकण्याची मुभा भारतात नव्हती. घाऊक व्यापारात मात्र १०० टक्के परदेशी गुंतवणूक चालत असे. झिवामेच्या मूळ कंपनीचे नाव 'ॲक्टोसर्बा ॲक्टिव्ह होलसेल' असे आहे. मार्च २०१६ मध्ये केंद्र सरकारने नियम अधिक स्पष्ट केले. विक्रेता आणि ग्राहक यांची गाठ घालून देणाऱ्या संकेतस्थळांना परदेशी गुंतवणूक खुली राहिली, पण मालाची मालकी आणि किमतींवर प्रभाव ठेवण्यास बंदी कायम राहिली. याच सुमारास झिवामेनेही स्वतःचे ब्रँड आणि दुकाने यांवर भर देण्यास सुरुवात केली होती.

हिस्सा कसा घटतो

बाहेरचा पैसा येतो तेव्हा त्याच्या मोबदल्यात मालकी जाते. उदाहरणादाखल, एखाद्या संस्थापकाने प्रत्येक फेरीत नवे समभाग काढून कंपनीचा २० टक्के हिस्सा गुंतवणूकदारांना दिला असे मानू. पहिल्या फेरीनंतर त्याच्याकडे ८० टक्के, दुसऱ्या फेरीनंतर ६४, तिसऱ्या फेरीनंतर सुमारे ५१ आणि चौथ्या फेरीनंतर सुमारे ४१ टक्के हिस्सा उरतो. कर्मचाऱ्यांसाठी राखून ठेवलेले समभाग आणि गुंतवणूकदारांना करारानुसार मिळणारे विशेष अधिकार यांचा हिशेब यात धरलेला नाही. कंपनीचे मूल्य वाढत असते तोवर ही घट जाणवत नाही. वाढ मंदावली, किंवा पुढच्या दिशेविषयी दोन मते झाली, की निर्णय कोणाच्या हाती आहे हे उघड होते.

२०१५ नंतर देशातील नवउद्योगांकडे येणारा पैशाचा ओघ आटला. गुंतवणूकदार विक्रीच्या आकड्यांपेक्षा नफ्याची विचारणा करू लागले. बंगळुरूतील मिंत्रा ही फॅशन कंपनी मे २०१४ मध्येच फ्लिपकार्टने विकत घेतली होती. जुलै २०१६ मध्ये जबाँग ही दुसरी मोठी कंपनी मिंत्राने केवळ ७ कोटी डॉलरना घेतली. एकाच वस्तुप्रकारावर उभ्या असलेल्या कंपनीला या वातावरणात स्वतंत्र राहणे कठीण होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये कर यांनी दैनंदिन कारभार सोडला आणि शालीन सिन्हा यांच्याकडे सूत्रे आली. कर यांचे संचालक मंडळावरील स्थान तेव्हा कायम राहिले. पुढे अमिषा जैन यांनी मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून काम पाहिले.

मुंबईचे वेगळे उदाहरण

याच काळात मुंबईत फाल्गुनी नायर यांनी २०१२ साली सौंदर्यप्रसाधनांची 'नायका' ही कंपनी सुरू केली. नोव्हेंबर २०२१ मध्ये ती शेअर बाजारात आली आणि पहिल्याच दिवशी तिचे बाजारमूल्य १ लाख कोटी रुपयांच्या पुढे गेले. त्या वेळीही निम्म्याहून अधिक हिस्सा नायर कुटुंबाकडे होता. पुढील वर्षी समभागाची किंमत मोठ्या प्रमाणात घसरली, पण कंपनीवरील कुटुंबाच्या नियंत्रणाला धक्का लागला नाही.

दोघींची तुलना करताना परिस्थितीतील फरक विसरता येत नाही. नायर यांनी वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर व्यवसाय सुरू केला, तेव्हा कोटक महिंद्र समूहातील गुंतवणूक बँकिंगचा दीर्घ अनुभव त्यांच्या गाठीशी होता. सुरुवातीला घरचा पैसा लावणे त्यांना शक्य होते. भांडवल कोणाकडून, केव्हा आणि कोणत्या अटीवर घ्यावे, हाच त्यांचा पूर्वीचा पेशा होता. लिपस्टिक किंवा क्रीम यांना मापांचा प्रश्न नसतो, आणि तीच वस्तू ग्राहक वारंवार घेतो. कर यांनी तरुण वयात, मोजक्या बचतीवर, समाजाला संकोच वाटणारा विषय हाती घेतला. त्यांना पैसा लवकर लागला आणि त्यामुळे मालकीही लवकर वाटून गेली. हा फरक केवळ कर्तृत्वाचा म्हणता येणार नाही.

बाजार कोणाच्या हाती?

झिवामेनंतर रिलायन्सने नोव्हेंबर २०२१ मध्ये 'अमान्ते' हा ब्रँड श्रीलंकेच्या एमएएस समूहाकडून घेतला. मार्च २०२२ मध्ये 'क्लोव्हिया' कंपनीतील ८९ टक्के हिस्सा ९५० कोटी रुपयांना घेतला. क्लोव्हियाच्या सहसंस्थापकांमध्येही नेहा कांत ही महिला उद्योजक आहे. दोन वर्षांच्या आत या क्षेत्रातील तीन परिचित नावे एकाच उद्योगसमूहाकडे गेली. संकोचाची भिंत पाडण्याचे आणि ग्राहक घडवण्याचे खर्चिक काम नव्या कंपन्यांनी केले. तयार झालेला बाजार मात्र ज्याच्याकडे दीर्घकाळ थांबण्याइतका पैसा आहे, त्याच्याकडे गेला.

बंगळुरूच्या संदर्भात आणखी एक बाब नोंदवण्यासारखी आहे. जॉकीचे भारतातील परवानाधारक असलेली पेज इंडस्ट्रीज ही कंपनीही याच शहरातील. येथील तयार कपड्यांच्या कारखान्यांत शिवणयंत्रांवर बसणाऱ्या कामगारांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. एप्रिल २०१६ मध्ये भविष्य निर्वाह निधी काढण्यावर घातलेल्या निर्बंधांविरुद्ध याच स्त्रिया हजारोंच्या संख्येने रस्त्यावर उतरल्या, आणि केंद्र सरकारला तो निर्णय मागे घ्यावा लागला. त्यांचा प्रश्न हातच्या बचतीचा होता, उद्योजिकेचा समभागांचा. श्रमातून निर्माण झालेल्या संपत्तीवर अधिकार कोणाचा, हा धागा मात्र दोन्हींत समान आहे.

कर यांची वाटचाल अपयशाची म्हणता येणार नाही. देशातील लाखो स्त्रियांना योग्य मापाचा कपडा संकोचाशिवाय घेता यावा, ही त्यांची कल्पना आज सर्वमान्य झाली आहे. अंतर्वस्त्रांची जाहिरात, महिला विक्रेत्यांची दुकाने आणि मापाविषयीचा मोकळा सल्ला यांचे कोणाला विशेष अप्रूप उरलेले नाही. नव्या उद्योजिकांना प्रोत्साहन देणाऱ्या योजनांत भर असतो तो व्यवसाय सुरू करण्यावर. त्यांना कमी व्याजाचे कर्ज, मालसाठ्यासाठी खेळते भांडवल आणि गुंतवणूक करारांविषयी स्वतंत्र कायदेशीर सल्ला सहज मिळाला, तर पहिल्या दोन-तीन वर्षांत समभाग देऊन पैसा उभा करण्याची निकड कमी होईल. झिवामेच्या अनुभवावरून धोरणकर्त्यांनी आणि उद्योजिकांनीही प्रथम विचार करावा तो याच टप्प्याचा.