समुद्र कोणाचा, संशोधन कोणाचे?

ब्रिटनमधील ‘ऑपरेशन वॉलेसिया’ या संस्थेने १९९५ साली इंडोनेशियातील सुलावेसी परिसरात विद्यार्थ्यांच्या संशोधन-मोहिमा सुरू केल्या. होगा बेटाभोवतीच्या प्रवाळांची पाहणी करणारे तरुण स्वतः शुल्क भरून येतात आणि त्या शुल्कावरच संशोधन चालते. वर्षानुवर्षांच्या अशा नोंदींचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्याला शुल्क परवडते तो संशोधक ठरतो. पिढ्यान्‌पिढ्या त्याच समुद्रावर जगणारा बाजो कोळी मात्र १९९६ च्या वाकातोबी राष्ट्रीय उद्यानात केवळ निर्बंधांचा धनी होतो. सेवाभाव खरा असला तरी त्याने ही विषमता झाकली जात नाही. कोळ्यांच्या मुलांना संशोधनात बरोबरीचे स्थान, त्यांच्या भाषेत निष्कर्ष आणि उद्यानाच्या निर्णयांत त्यांचे मत, एवढे झाल्याखेरीज संवर्धन लोकांचे होणार नाही.