एल्बेच्या पलीकडची वेठ

युरोपचा इतिहास आपल्याकडे एका ठरलेल्या चालीवर सांगितला जातो. आधी अंधारे मध्ययुग, त्यात सरंजामदार आणि जमिनीला जखडलेले भूदास. मग व्यापार वाढला, शहरे उभी राहिली, छापखाना आला, प्रबोधन आले आणि माणूस हळूहळू मोकळा झाला. स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांपासून व्याख्यानमालांपर्यंत हीच मांडणी कानावर पडते. तिचे शेपूटही ठरलेले असते: पूर्व युरोप मागे राहिला, कारण तिथे मध्ययुग संपलेच नाही. रशियात १८६१ पर्यंत भूदास होते, आणखी पुरावा कशाला हवा?

ही मांडणी चुकीची आहे, आणि मला ती घातकही वाटते. काळ पुढे सरकला की जोखड आपोआप गळून पडते, असा भरवसा ती वाचणाऱ्याला देते. एल्बे नदीच्या पूर्वेला नेमके उलटे घडले. तिथला शेतकरी मध्ययुगात बऱ्यापैकी मोकळा होता. त्याला बांधून घातले ते आधुनिक काळ उजाडल्यावर.

तेराव्या शतकातला पोलंड पाहा. जंगल अफाट, माणसे थोडी. जमीन लागवडीखाली आणायची तर राजाला, बिशपला, जहागीरदाराला कुळे हवी होती, आणि कुळे आपल्या अटी घालू शकत होती. ‘जर्मन कायद्या’वर वसवलेल्या गावात शेतकऱ्याने ठरलेला खंड द्यायचा. तोही पहिली काही वर्षे माफ असे, आणि जंगल तोडून काढलेल्या जमिनीवर ही माफी कधी वीस वर्षांपर्यंत जाई. गावाचा पुढारी पंचांसह बसून गावातच तंटे तोडी. जर्मन मुलखातून आलेल्यांसाठी सुरू झालेली ही व्यवस्था पुढे असंख्य पोलिश गावांनाही मिळाली. त्याच काळात इंग्लंडमधल्या भूदासाला मुलीचे लग्न लावायचे तरी जमीनदाराकडे पैसे भरावे लागत. मोकळ्या जमिनीच्या आणि सैल अटींच्या शोधात निघालेला शेतकरी त्या वेळी पश्चिमेकडून पूर्वेकडे चालला होता. पूर्वेच्या मातीतच गुलामी आहे, असे म्हणणाऱ्यांनी या वाटचालीचे काय ते उत्तर द्यावे.

मग फास आवळला कधी? १४६६ च्या तोरुनच्या तहाने व्हिस्तुला नदीचे मुख आणि ग्दान्स्क बंदर पोलिश राजाच्या छत्राखाली आले. पश्चिमेला शहरे वाढत होती, नेदरलँड्सला धान्य पुरत नव्हते. ॲम्स्टरडॅमची जहाजे बाल्टिक समुद्रात येऊन राय नावाचे धान्य भरून नेऊ लागली. भाव चढले. ठरलेला खंड घेत बसण्यापेक्षा स्वतःच्या शेतावर राय पिकवून नदीने खाली पाठवावी, यात जास्त फायदा आहे हे जहागीरदाराने ओळखले. त्यासाठी हात हवे होते, पण मजुरी द्यायची नव्हती. १४९६ मध्ये पिओत्रकुवला कायदा झाला: गाव सोडून जायची मुभा वर्षाला एकाच शेतकऱ्याला. त्याच कायद्याने शहरी लोकांना शेतजमिनी घेण्यास बंदी केली आणि उमरावांच्या स्वतःच्या मालावरची जकात उठवली. १५२० मध्ये तोरुनला ठरले की आठवड्याला किमान एक दिवस वेठ. सतराव्या शतकापर्यंत ती अनेक ठिकाणी तीन दिवसांवर गेली, आणि त्याहीपुढे.

या वेठीचा दिवस कसा असे तेही पाहिले पाहिजे. शेतकऱ्याने स्वतःचे बैल आणि स्वतःचा नांगर घेऊन मालकाच्या शेतावर जायचे. अडचण सुगीत येई, कारण मालकाचे आणि त्याचे पीक एकाच आठवड्यात कापणीला येते. आधी मालकाचे शेत. स्वतःचे पीक तोवर उभे, मग पाऊस पडो नाही तर दाणे गळोत. नदीला पाणी असे तेव्हा धान्य नावांवर आणि तराफ्यांवर चढे. ग्दान्स्कला माल उतरला की तराफे मोडून त्यांचे लाकूडही विकले जाई आणि तराफेवाले शेकडो मैल पायी घरी परतत. गावातली दारू गाळण्याचा आणि विकण्याचा मक्ताही मालकाकडेच होता. पुष्कळ जहागिरींत शेतकऱ्याने दुसरीकडची दारू आणणे हा गुन्हा होता. म्हणजे हाती चार पैसे पडलेच तर तेही त्याच वाड्यात परत जात. यात मध्ययुगीन काय आहे? हा निर्यातीचा धंदा होता, दर परदेशी बाजारात ठरत होते आणि हिशेबातून मजुरीचे खाते तेवढे पुसलेले होते.

यावर सुशिक्षित माणूस म्हणतो, पोलंडमध्ये लोकशाही संस्था नसतील. होत्या. राजा निवडून दिला जाई. १५०५ पासून उमरावांच्या सभेच्या संमतीशिवाय त्याला नवा कायदा करता येत नव्हता. १५७३ च्या वॉर्सा करारात धर्मभेदावरून रक्त न सांडण्याची शपथ घेतली गेली, तीही युरोप धर्मयुद्धांत पेटलेला असताना. त्या कराराबद्दल मला आदर आहे. पण त्याच दस्तऐवजात आपल्या रयतेवरचा जमीनदाराचा अधिकार अबाधित राहील, असेही कलम आहे. सभेत बसणारा उमराववर्ग लोकसंख्येच्या आठ-दहा टक्के, म्हणजे त्या काळाच्या मानाने मोठाच. उरलेल्यांना बांधणारे कायदे याच सभेने केले.

रशियाची गोष्टही याच काळातली आहे. १४९७ च्या कायद्यात शेतकऱ्याला मालक बदलायला वर्षातून एक फट ठेवली होती: संत युरीच्या दिवसाच्या म्हणजे २६ नोव्हेंबरच्या आधीचा एक आठवडा आणि नंतरचा एक. घराचा मोबदला द्यायचा, मोकळ्या रानात एक रुबल आणि जंगलात अर्धा, कारण जंगलात लाकूड मुबलक. सोळाव्या शतकाच्या शेवटी ही फट बुजवली गेली आणि १६४९ च्या संहितेने पळालेल्याला शोधण्याची मुदतच काढून टाकली. कितीही वर्षे लोटली असोत, तो बायकामुलांसह परत आणला जाणार. मॉस्कोला घोडदळातल्या चाकरांना पगाराऐवजी जमिनी द्याव्या लागत, आणि कसणारे पळून गेले तर त्या जमिनीचा उपयोग शून्य. नव्याने ताकदवान होत चाललेल्या राज्याने ही सेवा उभी केली ती शेतकऱ्याच्या पाठीवर.

विचारांनी माणूस सुटतो, असेही सांगितले जाते. विचारांचे मोल मी नाकारत नाही. पण १७६७ या एका वर्षाकडे बघा. रशियाची सम्राज्ञी कॅथरीन माँतेस्क्यूच्या ग्रंथावरून कायद्याची तत्त्वे लिहून काढते, व्होल्तेअरशी तिचा पत्रव्यवहार चालू असतो आणि त्याच वर्षी तिचा हुकूम निघतो की भूदासांनी मालकाविरुद्ध सम्राज्ञीकडे तक्रार करायची नाही. पश्चिमेनेही फार ताठ मानेने बोलू नये. स्कॉटलंडमध्ये १६०६ च्या कायद्याने कोळसा खाणीतला मजूर मालकाच्या दाखल्याशिवाय दुसरीकडे कामाला जाऊ शकत नव्हता. गेला तर तो चोर ठरे. त्याच स्कॉटलंडच्या ॲडम स्मिथचे ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ १७७६ मध्ये छापले गेले. खाणमजूर पूर्ण सुटले १७९९ मध्ये.

मग माणूस सुटला तो कशाने? माझे उत्तर असे: जिथे त्याला जायला दुसरी जागा होती आणि त्याला धरून आणणारा हात दुबळा होता, किंवा जिथे तो संघटित होऊन सत्तेला महाग पडला, तिथे. १३४८ नंतरच्या प्लेगने इंग्लंडची निदान तिसरा हिस्सा माणसे नेली. मजुरी चढली. १३५१ च्या कायद्याने ती जुन्या दरावर बांधायचा प्रयत्न झाला. १३८१ मध्ये शेतकरी लंडनवर चालून गेले, चौदा वर्षांच्या राजाने भूदासत्व रद्द केल्याच्या सनदा दिल्या आणि पंधरवड्यानंतर त्या परत घेतल्या. उठाव चिरडला गेला, पण माणसे गावे सोडत राहिली. हात कमी पडलेले जमीनदार आपसात स्पर्धा करून पळून आलेल्यालाच ठेवून घेऊ लागले. पंधराव्या शतकात भूदासत्व विरून गेले. हातांची टंचाई पोलंडमध्येही होती. तिथे उमराव एकजूट होते आणि कायदा त्यांच्या मुठीत होता, म्हणून त्याच टंचाईतून वेठ निघाली.

सर्वांत बोलका दाखला कॅटलोनियाचा. पैसे भरून सुटका विकत घेतल्याखेरीज जमीन सोडता न येणाऱ्या शेतकऱ्यांना १४४८ मध्ये राजाकडून संघ करण्याची परवानगी मिळाली. लेखनिक गावोगाव गेले, सभा भरल्या आणि दहा हजारांवर शेतकऱ्यांची नावे एका वहीत उतरली. ती वही आजही जपून ठेवलेली आहे. पुढे दोन सशस्त्र उठाव झाले आणि १४८६ मध्ये फर्डिनांड राजाने ग्वादालुपेच्या निवाड्याने त्या जाचक प्रथा मोडीत काढल्या, मोबदला भरण्याच्या अटीवर. हे कोलंबस निघण्याच्या सहा वर्षे आधीचे आहे. पोलंडची दोरी आवळली जायला तेव्हा दहा वर्षे अवकाश होता.

शेतकऱ्याला बांधून ठेवल्याची किंमत पोलंडच्या उमरावांना मोजावी लागली. शेजारी सत्तांनी केलेल्या फाळण्यांनी देश नकाशावरून गेला. १७९४ मध्ये पोलिश उठावाचा नेता कोश्चुश्को याच्या बाजूने कोयते घेतलेले शेतकरी रात्सवावित्सेला लढले आणि पुढे पोलानिएत्सच्या जाहीरनाम्यात त्याने वेठ कमी केली, पण उशीर झाला होता. १८४६ मध्ये ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या गॅलिशियात पोलिश उमराव ऑस्ट्रियाविरुद्ध उठले तेव्हा शेतकरी त्यांच्यावरच उलटले. शेकडो वाडे लुटले गेले, हजाराच्या आसपास माणसे मारली गेली. तो धडा रशियाविरुद्धच्या १८६३ च्या पोलिश उठावकर्त्यांनी घेतला होता. २२ जानेवारीला, पहिल्याच दिवशी त्यांनी जाहीर केले की जमीन कसणाऱ्याची. झारने २ मार्च १८६४ ला तेच आपल्या सहीने केले, आणि स्वतःच्या रशियन शेतकऱ्याला १८६१ मध्ये दिल्या त्यापेक्षा सैल अटींवर. साडेतीन शतके ज्याचे कोणी ऐकले नव्हते, त्या पोलिश शेतकऱ्यापुढे सव्वा वर्षात दोन सत्ता जमिनीचे कागद घेऊन उभ्या राहिल्या, कारण या वेळी तो कोणाच्या बाजूने उभा राहतो यावर दोघींचेही भवितव्य ठरणार होते.