फुललेले निखारे

कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर कशेळे हे गाव आहे. कोकणात कसली आली थंडी, असे घाटावरची मंडळी नेहमी म्हणतात. भीमाशंकरच्या डोंगरावरून पौषातल्या पहाटे खाली उतरणारा गारठा त्यांनी एकदा अनुभवावा. गेल्या पौषात तेथे आमच्या मावशींच्या घरी त्यांची नात बाळंतपणाला आली होती. बाळ पंधरा दिवसांचे. जावयांनी मुंबईहून तेलाचा हीटर पाठवला. उभ्या पात्यांचा, चाकांवर फिरणारा. रात्री तो चालू केला आणि थोड्याच वेळात त्यातून टक् टक् असे आवाज येऊ लागले, मग आत काहीतरी गुडगुडले. मावशींची उमेदीची सारी वर्षे रॉकेलच्या स्टोव्हपुढे गेलेली. तेल आणि आवाज एकत्र आले की पुढे काय होते, हे त्यांना कुणी सांगायला नको होते. त्यांनी बटण बंद केले, बाळंतिणीच्या बाजेखाली कोळशाची शेगडी सरकवली आणि दार ओढून घेतले. पहाटे नात उठली ती डोके धरूनच. उलटी झाली, पाय लटपटत होते. दारे-खिडक्या उघडल्या, मायलेकरांना दवाखान्यात नेले; एवढ्यावर निभावले.

मावशींचे चुकले, असे सगळे म्हणाले. आम्हांस ते तितकेसे पटले नाही. त्यांनी आपल्या भाषेवर विश्वास ठेवला, इतकेच.

ध्वनी म्हटले की या पानांच्या वाचकांना आनंदवर्धन आठवेल. आम्ही येथे साध्या, कानांना ऐकू येणाऱ्या ध्वनीविषयी बोलत आहोत. मराठीत आगीसाठी असलेले शब्द आठवून पाहावेत. जाळ फुरफुरतो, लाकूड तडतडते, वणवा भडभडतो, भात रटरटतो, आधण खदखदते, फोडणी चरचरते. मोल्सवर्थच्या कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) अशा अनुकरणवाचक शब्दांची रेलचेल आहे. हे शब्द केवळ नादासाठी जन्मले असे आम्हांस वाटत नाही. पाठमोरी बसून भाकरी थापणाऱ्या बाईला चुलीवर काय चालले आहे, हे त्यांनीच कळत असे. रटरट असेल तर जाळ कमी करायचा, तडतड असेल तर पदर आवरायचा. स्टोव्हच्या काळात ही श्रवणविद्या अधिकच तीक्ष्ण झाली. पंप मारल्यावरची एकसुरी भरभर ऐकू आली म्हणजे ठीक. मध्येच ती अडखळली, फरफर झाली, तर हात मागे घ्यायचा. ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ हे वाक्य मराठी वर्तमानपत्रांत एके काळी इतक्या वेळा छापून आले की, त्यात कर्ता कोण हे विचारायचे राहून गेले. प्रत्येक भडका स्टोव्हचा नव्हता, हे १९८३ साली दंडसंहितेत ४९८-अ हे कलम आणताना कायद्यालाही मान्य करावे लागले. पण तो वेगळा विषय आहे. आवाज म्हणजे धोका हे समीकरण मावशींच्या पिढीच्या अंगी का मुरले, एवढेच येथे सांगायचे होते.

आता निखाऱ्यांकडे पाहा. त्यांच्यासाठी भाषेत आवाजाचा शब्द नाही. निखारे फुलतात! राख झटकली, हळूच वारा घातला की लाल होतात, धूर संपलेला असतो, आणि जाई-मोगऱ्यासाठी वापरावे ते क्रियापद आपण त्यांना बहाल करतो. धूर सरला म्हणजे शेगडी आत न्यायला योग्य झाली, हा घरोघरचा नियम. नेमके येथेच बिनसते. बंद खोलीत जळणारा कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो. फुललेला, बिनधुराचा निखाराही सोडतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक ओढीने त्याला धरून ठेवते. आधी डोके दुखते, मळमळते, मग गुंगी येते. आणि गुंगी आलेल्या माणसाला उठून दार उघडण्याची बुद्धी होत नाही. तर्कसंग्रह वाचलेल्यांना तापलेल्या लोखंडी गोळ्याचा दाखला आठवेल: अग्नी आहे, पण धूर नाही. धुरावरून अग्नी ओळखायला आपण शिकलो. धूर नाही म्हणून विषही नाही, असे अनुमान मात्र कोणत्याच शास्त्राने शिकवले नव्हते. ते आपण आपल्या मनाने काढले.

मग पिढ्यान्‌पिढ्या बाळंतिणींच्या बाजेखाली शेगड्या ठेवल्या गेल्या, त्या कशा चालल्या? त्यांतल्या काही चालल्याही नसतील. त्या मृत्यूंना तेव्हा दुसरी नावे दिली गेली असतील. पण मुख्य उत्तर घरात आहे. मावशींचे जुने घर कुडाच्या भिंतींचे आणि कौलांचे होते. वाऱ्याला कोणी बोलावत नसे, तो येतच असे. आता तेथे स्लॅब आहे, सरकत्या काचेच्या खिडक्या आहेत. शेगडी तीच राहिली, खोली बदलली.

आणि तो बिचारा हीटर! त्याच्या नावातच घोटाळा आहे. ‘तेलाचा’ म्हटल्यावर तेल जळते असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ते जळत नाही, संपत नाही, पुन्हा भरायचेही नसते. विजेच्या तारेची उष्णता बंद पात्यांतून फिरवण्याचे काम ते करते. तापताना धातू प्रसरण पावतो, निवताना आकसतो, म्हणून टक् टक्. ठरलेल्या उष्णतेला वीज आपोआप तुटते-जुळते, तेव्हाही एकदा टक् होते. आत तेलाला फुगायला थोडी मोकळी जागा ठेवलेली असते. प्रवासात आडवातिडवा झाला की ती हवा तेलातून वाट काढते, म्हणून गुडगुड. असा हीटर आणल्यावर काही तास नुसता उभा ठेवावा, मग लावावा. आडवा पाडून तर कधीच चालवू नये. उथळ पाण्याला खळखळाट फार, तसलाच हा प्रकार.

भ्यायचे ते दुसऱ्या आवाजाला. प्लगपाशी, बटणापाशी चरचर ऐकू आली, प्लग हाताला कढत लागला, जळका वास आला, तर जोड सैल आहे. बंद करून वायरमनला बोलवावे. दोन हजार वॅटचा हीटर २३० व्होल्टला पावणेनऊ अँपियरच्या आसपास वीज ओढतो. मोबाइल चार्ज करायच्या सहा अँपियरच्या लहान सॉकेटला किंवा लांबवलेल्या एक्स्टेन्शनच्या वायरीला ते झेपत नाही. त्याला भिंतीतला सोळा अँपियरचा मोठा सॉकेटच हवा. त्यावर दुपटी वाळत घालायची नाहीत (बाळंतिणीच्या घरात हा मोह अनावर असतो), मच्छरदाणी आणि पडदे हातभर तरी लांब ठेवायचे. जमिनीवर तेलाचा ठिपका दिसला तर तो हीटर त्या दिवसापासून बाद.

यातले बरेचसे हीटरबरोबरच्या पुस्तिकेत होते. इंग्रजीत, आणि हिंदीच्या एका पानावर. ‘आवाज येणे सामान्य आहे’ असे वाक्यही होते. कोणता आवाज, ते नव्हते. येथे आमची खरी तक्रार आहे, आणि ती कारखानदारांपेक्षा आपल्याशी, म्हणजे मराठी शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांशी आहे. अनुकरणवाचक शब्दांची यादी आपण परीक्षेसाठी पाठ करून घेतो. टक् टक् आणि चरचर यांतला फरक एका ओळीत, मावशींना कळेल असा लिहिणे, हे गद्यलेखन आहे असे आपल्याला वाटतच नाही. ललित निबंधाला जेवढी शब्दांची निवड लागते, त्याहून ती येथे कमी लागत नाही. येथे शब्द चुकला तर शेगडी बाजेखाली जाते.

आम्ही एका कागदावर मोठ्या अक्षरांत चार ओळी लिहून त्या खोलीत चिकटवल्या. मावशींनी चष्मा लावून वाचल्या. आम्ही ‘बुडबुड’ लिहिले होते. “बुडबुड घागरीची,” त्या म्हणाल्या, “ह्याची गुडगुड. पोटात वायू धरल्यावर होते तशी. खोड ते.” आम्ही खोडले. हीटर आता रात्रभर चालू असतो. खिडकी त्यांनी तरीही चार बोटे उघडी ठेवली आहे, आणि ती लावून घ्या असे आम्ही म्हणालो नाही.