पायी तुळजापूर, खिशात ट्यूब

दसरा झाला की आमच्या ऑफिसातल्या सोलापूर-धाराशिवकडच्या मंडळींची कुजबुज सुरू होते. कोजागरीला पायी तुळजापूर! सोलापुरातून निघायचं, साधारण ४५ किलोमीटर, शेवटाला घाट, आणि देवळात पोचलात की परत पायऱ्या. बरेच जण तर अनवाणी. वर्षभर लिफ्टने दुसऱ्या मजल्यावर जाणाऱ्या पोटऱ्यांवर हे एका रात्रीत येऊन पडतं. मग सॅकमध्ये मोबाइलच्या चार्जरशेजारी वेदनाशामक जेलची ट्यूब हवीच.

हरकत काहीच नाही. पण ‘मलमच तर आहे, चोप की!’ हे ऐकलं की माझा जीव खाली-वर होतो. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा एकदा. बऱ्याच जेलमध्ये डायक्लोफिनॅक असतं. तेच, गोळीतलं. (जनावरांना हे औषध दिलं आणि ती मेल्यावर गिधाडांनी खाल्ली, तर गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. म्हणून आपल्याकडे जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर २००६ साली बंदी आली.) जोडीला मिथाइल सॅलिसिलेट, म्हणजे गंधपुऱ्याच्या तेलातला मुख्य ऐवज आणि ॲस्पिरिनचा चुलतभाऊ. आणि मेन्थॉल. लावल्या लावल्या जे ‘आहाहा’ होतं ना, ते मेन्थॉलचं काम. दुखणं तिथंच असतं राव!

एका गुडघ्याला बेताने लावलं तर गोळीच्या मानाने अगदी थोडं औषध रक्तात उतरतं, साधारण ६ टक्के. म्हणून तर डॉक्टर जेल सुचवतात, पोटाला त्रास कमी. पण दोन्ही पायांना मांडीपासून टाचेपर्यंत अर्धी ट्यूब थापली, वर पेनकिलरची गोळी घेतली, की हा हिशेब कोलमडला. २००७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये १७ वर्षांची एक धावपटू मुलगी गेली, तेव्हा शवचिकित्सेत कारण निघालं शरीरात साठलेलं मिथाइल सॅलिसिलेट. असं क्वचितच होतं, मान्य. पण होतं.

त्याहून नेहमीचा घोळ म्हणजे भाजणं. जेल लावायचं, वर क्रेप बँडेज करकचून बांधायचं आणि त्यावर गरम पाण्याची पिशवी! अशा मलमांनी त्वचा भाजल्याच्या तक्रारींवरून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ साली इशारा दिला होता; काहींना तर एकदाच लावून फोड आले होते. तेव्हा शेक आणि जेल एकत्र नको. कढत पाण्याच्या आंघोळीच्या आगेमागेही नको. तळपायाचे फोड फुटलेत? तिथे तर नाहीच. आणि चोळून झाल्यावर हात साबणाने धुवा, मग कॉन्टॅक्ट लेन्स काढा. (हे का सांगतेय, ते ज्याचे डोळे चुरचुरलेत त्याला विचारा.)

आणि हो, उरलेली ट्यूब घरी आईच्या गुडघ्याला लावायला देताना थांबा. तिला रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, वॉरफरिनसारखी, तर सॅलिसिलेटने रक्तस्राव वाढू शकतो. ॲस्पिरिनने दमा उसळणाऱ्यांनी, मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर मैत्रिणींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. लहान मुलांना तर आपल्या मनाने लावूच नका.

दसऱ्यापासून कोजागरीपर्यंत खुद्द भवानीमाता श्रमनिद्रा घेते. आपण मात्र रात्रभर चालून दुसऱ्या दिवशी नऊ चाळीसला कार्ड पंच करणार! एक दिवस रजा वाढवा, पाय उशीवर टेकवा, पाणी प्या. दुखरा भाग असेल तेवढ्यावरच पातळ थर, ट्यूबवर लिहिलंय तितक्याच वेळा. साधं अंग दुखणं तीन-चार दिवसांत उतरतं. आठवड्यात उतरलं नाही, तर दुसरी ट्यूब आणू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि एकच पोटरी सुजली, लाल-गरम झाली, किंवा दम लागायला लागला, तर आठवडाही थांबायचं नाही. त्याच दिवशी, तडक दवाखाना.