उंदराची खोली किती थंड होती?

‘उंदरांवर प्रयोग यशस्वी, कॅन्सरवर इलाज सापडला!’ असा मेसेज अधूनमधून आपल्या फोनवर येतोच. कधी तो हळदीचा असतो, कधी कलौंजीचा. कलौंजीबद्दल आपल्या मनात अकीदत आहे, आणि तिच्यातल्या थायमोक्विनोन या घटकाचे उंदरांवर बरेच प्रयोग झाले आहेत, हेही खरं. पण घरात कुणी आजारी असेल तर असा मेसेज वाचून चालू असलेली केमो थांबवायचा विचार सुरू होतो. म्हणून या वेळी उंदराच्या खोलीविषयी लिहितो.

प्रयोगशाळेतला उंदीर म्हणजे आपल्या मोरीतला नव्हे. तो पिढ्यान्पिढ्या एकाच वंशात वाढवलेला, जणू सगळी जुळी भावंडं. त्याच्या खोलीचं तापमान, हवेतला दमटपणा, उजेड-अंधाराचे तास, सगळं बांधून दिलेलं असतं. तासाला 10 ते 15 वेळा खोलीतली हवा बदलली जाते. एवढा खटाटोप कशाला? थंडीत आणि उन्हाळ्यात एकाच विरजणाचं दही सारखं लागत नाही, हे आपल्या अम्मींना विचारा. खोली बदलली की गुण औषधाचा की हवेचा, हे सांगता येत नाही.

आणि सगळं सारखं ठेवूनही फसगत होते. अमेरिकेतलं पोर्टलँड, अमेरिकेतलंच ऑल्बनी आणि कॅनडातलं एडमंटन इथल्या तीन प्रयोगशाळांनी त्याच वंशांचे उंदीर घेऊन त्याच चाचण्या एकाच वेळी केल्या. उपकरणं आणि वेळापत्रकही शक्य तितकं सारखं ठेवलं. तरी काही चाचण्यांचे निकाल गावागणिक वेगळे आले. 1999 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे छापून आलं.

तापमानाची गोष्ट तर डोळे उघडणारी आहे. उंदरांच्या खोल्या साधारण 20 ते 26 अंश सेल्सिअसवर ठेवतात. कपडे घातलेल्या, काम करणाऱ्या माणसाला ते बरं वाटतं. उंदराला मात्र सुमारे 30 अंश लागतात. त्याखाली तो बिचारा अंग गरम ठेवण्यातच शक्ती खर्च करत राहतो. अमेरिकेतल्या बफेलो शहरातील रॉसवेल पार्क या कॅन्सर संस्थेच्या संशोधकांनी काही उंदीर 22 अंशांवर ठेवले, काही 30 वर. उबेतल्या उंदरांच्या गाठी हळू वाढल्या, कारण त्यांची रोगाशी लढणारी ताकद जास्त जोमाने काम करत होती. हा अभ्यास 2013 चा. कसलंही औषध न देता, नुसत्या उबेने हा फरक पडला!

मग 22 अंशांवर थंडीने काकडणाऱ्या उंदराला लागू पडलेली गोष्ट आपल्या अब्बांना किंवा खालाजानला तशीच लागू पडेल, असं कसं म्हणावं? उंदरांवरचे प्रयोग फुकट आहेत असं मुळीच नाही, आजची कित्येक औषधं त्याच वाटेने आली. पण ती वाट लांबची आहे.

तेव्हा मेसेज आला तर विचारा: प्रयोग उंदरावर की माणसावर? दुसऱ्या प्रयोगशाळेत तोच निकाल आला का? उंदरांना कसं ठेवलं होतं हे लिहिलं आहे का? शोधनिबंधात ही माहिती द्यावी, असं ‘अराइव्ह’ नावाची नियमावली 2010 पासून सांगते आहे. आणि कलौंजी घ्यायचीच असेल तर केमो देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा, लपवू नका.