औषध नव्हे, विष

पिकावर कीड पडली की शेतकरी दुकानात जाऊन 'औषध' मागतो. दुकानदार औषध म्हणूनच बाटली देतो आणि गावातील कार्यकर्ताही तोच शब्द वापरतो. शब्द रुळलेला आहे. परंतु तो घातक आहे. औषध जीव वाचविण्यासाठी असते, कीटकनाशक जीव घेण्यासाठी. औषध म्हटले की भीती मावळते; मग ते उघड्या हाताने कालविले जाते आणि गुण आला नाही तर मात्रा दुप्पट केली जाते.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्यामागे कारणे अनेक होती. केवळ एका शब्दाने हा अनर्थ घडविला, असे कोणी म्हणणार नाही. तथापि ज्या वस्तूला माणूस विष म्हणून ओळखतो, तिच्यापाशी तो जपून वागतो.

कीड व रोग या शब्दांतही असाच घोटाळा होतो. पाने खाणारी अळी किंवा रस शोषणारे तुडतुडे ही कीड. बुरशी, जिवाणू वा विषाणू यांमुळे होतो तो रोग. बुरशीच्या रोगावर कीटकनाशक फवारणे म्हणजे पैसा मातीत घालणे होय. शिवाय कीड दिसणे वेगळे आणि ती आर्थिक नुकसानीच्या पातळीस पोहोचणे वेगळे. गुलाबी बोंडअळीचे ८ किंवा अधिक पतंग प्रत्येक कामगंध सापळ्यात सलग ३ रात्री सापडले, म्हणजे ती पातळी गाठली असे समजतात. अकारण केलेली फवारणी मित्रकीटकांचा नाश करते.

फवारणीच्या पाण्यासही 'स्वच्छ' एवढे एकच विशेषण पुरत नाही. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याचा सामू ७ हून बराच अधिक असेल, तर ते विम्ल असते आणि मॅलेथिऑनसारखे कीटकनाशक त्यात लवकर विघटित होते. पॅराक्वाट हे तणनाशक गढूळ पाण्यातील मातीच्या कणांना चिकटून निष्प्रभ होते. दोष पाण्याचा असतो. बोल मात्र बाटलीस लागतो आणि मात्रा पुन्हा वाढते.

शास्त्रीय शब्द खेड्यात बोजड वाटतात, असा आक्षेप घेतला जातो. परंतु 'विष' हा शब्द कोणास कळत नाही? बाटलीवरील त्रिकोणाचा रंगही हेच सांगतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी. पिवळा, निळा व हिरवा हे क्रमाने कमी विषारी. हिरवा म्हणजेही निर्धोक नव्हे.

म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम स्वतःच्या बोलण्यातून 'औषध' हा शब्द काढून टाकावा. शेतकरी बंधूंनीही दुकानात मागणी करताना कोणत्या पिकावरील कोणत्या किडीसाठी अथवा रोगासाठी काय हवे, ते नेमके सांगावे. नाव बरोबर घेतले, तर उपायही बरोबर सापडतो. आणि फवारणारा माणूस सुखरूप घरी परततो.