ताट आपले, मग गल्ला दुसऱ्याचा का?

कार्तिक लागला की रविवारी नागपूरच्या मोटारी रामटेक, काटोल, उमरेडच्या रस्त्यांना लागतात. कुणी गडमंदिर पाहून खिंडसीवर उतरतो, कुणी धापेवाड्याच्या विठोबाला हात जोडून आदाशाच्या गणपतीला जातो, कुणाला पेंचचा वाघ बघायचा असतो. दुपारी मात्र सगळ्यांची भूक एकच: वावरातले जेवण. गोवऱ्यांच्या जगरावरचे पानगे, वांग्याची भाजी, वरण, आणि ज्वारी चिकात असेल तर हुरडा.

हे जेवण मिळते रस्त्याकडेच्या रिसॉर्टात. तिथे कुंपणाच्या आत एक बंडी उभी असते, तिला बैल नसतात. चूल असते, चुलीपुढे लुगडे नेसवून बसवलेली बाई असते, ती रोजाने आलेली. भाकरीचे पीठ शहरातल्या किराणा दुकानातले. कुंपणाला लागून ज्याचे वावर आहे तो शेतकरी पऱ्हाटीत उभा राहून मोटारी मोजतो.

रिसॉर्टवाल्याला शिव्या देऊन काही होणार नाही. त्याने गिऱ्हाईक ओळखले. आपल्या गावात त्या माणसाला अजून पाहुणा समजतात. हुरड्याचे पैसे घेणे म्हणजे पाप, आवळीभोजनाला वावरात येईल तो जेवून जाईल, ही आपली रीत. सोयऱ्यांसाठी ती खुशाल राहू द्या. पण जो माणूस ताटाचे पैसे खिशात घेऊनच निघाला आहे आणि संध्याकाळपर्यंत ते कुणाला तरी देऊनच परतणार आहे, त्याच्यापुढे शेतकऱ्याने लाजावे का, हा प्रश्न आहे.

हाच प्रश्न इटली देशातल्या शेतकऱ्यांपुढे आपल्या आधी उभा राहिला. तिथल्या तस्कनी प्रांतात टेकड्यांवर द्राक्षे, ऑलिव्ह आणि गहू. शतकानुशतके कुळे अर्ध्या वाट्याने जमीन कसत, आपल्या बटईसारखीच. दुसऱ्या महायुद्धानंतर पोरे कारखान्यांत गेली, दगडी घरे ओस पडली. बटईचे नवे करार 1964 च्या कायद्याने बंद झाले. त्या ओस शिवारात शहरातले आणि परदेशातले लोक सुटी घालवायला येऊ लागले. तेव्हा 1985 साली तिथे कायदा झाला, 2006 साली तो नव्याने लिहिला गेला. त्यातली मुख्य गोष्ट एवढीच: शेतावर पाहुणे ठेवण्याचा हा धंदा शेती करणाऱ्यानेच करायचा, शेती हाच त्याचा मुख्य धंदा राहिला पाहिजे, आणि ताटातला मोठा हिस्सा त्याच्या किंवा आजूबाजूच्या शेतांतून आला पाहिजे. नुसती बंडी उभी करून तिथे ते नाव लावता येत नाही.

आणि ते वाढतात काय? शिळ्या पावाचे तुकडे, पालेभाजी आणि घेवड्याचे दाणे घालून शिजवलेले एक कालवण. त्याचे नाव रिबोलिता, म्हणजे 'पुन्हा उकळलेली'. उत्तरेकडे मक्याच्या पिठाची घट्ट पेज, पोलेंता. एके काळी तिथले गरीब लोक निव्वळ मक्यावर जगत आणि पेलाग्रा नावाच्या रोगाने मरत. तेच गरिबाचे अन्न आज माणसे दुसऱ्या देशांतून जाऊन, पैसे मोजून खातात. आपली फोडणी दिलेली शिळी भाकर, अंबाडीची भाजी, ज्वारीच्या कण्या यांत कमी काय आहे? चवीत तर नाहीच.

कमी आहे ती किंमत, आणि ती कुणी पाडली हेही ठाऊक आहे. 1995 साली राज्य सरकारने झुणका-भाकर एक रुपयात द्यायला सुरुवात केली. त्याआधीपासून रेशनवरचा स्वस्त गहू-तांदूळ ज्वारीला ताटातून हुसकावतच होता. मग 2023 साल संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून जाहीर केले, दिल्लीने त्याच धान्याला 'श्रीअन्न' असे नाव दिले, आणि मोठ्या हॉटेलांत भाकर चढली. 2025-26 हंगामात संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला 3,699 रुपये, म्हणजे किलोला 37. किलोच्या आठ-दहा भाकरी होतात. एका भाकरीतली ज्वारी चार-साडेचार रुपयांची. हॉटेलात तिला काय मोजतात, ते पुढच्या वेळी नागपूरला गेलात की पाटीवर वाचा.

नागपुरातच दुसरे उदाहरण आहे. सावजी जेवण हे हलबा कोष्टी विणकरांच्या घरचे. त्यांच्या हातमागावर आपल्याच कापसाचे सूत चढे, आणि कालवणात जवसाचे तेल पडे. हातमाग मंदावला तशी त्यांच्यातल्या अनेकांनी भोजनालये काढली, आपल्या नावाची पाटी लावली. ज्याची चूल त्याचाच गल्ला. शेतकऱ्याने एवढेच करायचे आहे.

महाराष्ट्रात हा मार्ग अगदीच नवा नाही. पांडुरंग तावरे यांनी 2005 साली बारामतीजवळ पळशीवाडीला कृषी पर्यटन सुरू केले. राज्य शासनाने 2020 साली त्याचे धोरण काढले. नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. इटलीसारखे तपासनीस मात्र आपण मागू नये. इन्स्पेक्टर वाढवून शेतकऱ्याचे भले झाल्याचे आम्ही पाहिलेले नाही. त्यापेक्षा आपल्या फाटकावर पाटी लावा: ज्वारी या वावरातली, डाळ या वावरातली, दूध अमक्या गोठ्यातले. गिऱ्हाईक फरक ओळखेल.

एक सावधगिरी. सरकारला जोडधंद्याचे प्रवचन फार आवडते. कोंबड्या पाळा, शेळ्या पाळा, मधमाश्या पाळा. आता पाहुणे पाळा म्हणतील. कापसाच्या भावाचा विषय निघाला की हुरड्याकडे बोट दाखवतील. पाहुणा गावागावात येणार नाही, रस्त्यापासून दूरच्या गावात तर नाहीच. मध्यम धाग्याच्या कापसाला 2025-26 साठी 7,710 रुपये हमीभाव जाहीर झाला. तो हिशेब वेगळा आणि ते भांडणही वेगळे. जंगलाकाठचे तर आणखी वेगळे. वाघ बघणाऱ्याची फी वनखात्याकडे जाते, खोलीचे भाडे हॉटेलवाल्याकडे, आणि त्याच जंगलातले रोही व रानडुक्कर आपल्या वावरात जेवतात. तस्कनीतही रानडुक्कर पीक उकरते, पण तिथे शिकारी ते मारतात आणि त्याचे कालवण पाहुण्याच्या ताटात जाते. आपल्याकडे 1972 चा वन्यजीव कायदा आहे. परवानगीचा कागद येईपर्यंत जागल करायची.

ज्यांना करायचे आहे त्यांच्यासाठी कामाचे बोलू. हुरड्याला कोणतीही ज्वारी चालत नाही. दाणा गोड हवा आणि बोंडातून सहज सुटला पाहिजे. आपल्याकडची वाणी, मराठवाड्याकडची गूळभेंडी त्यासाठीच राखलेली. दाणा चिकात असतो तो थोडेच दिवस. सगळे एकदम पेराल तर एका रविवारचाच हुरडा मिळेल. पाच-दहा गुंठ्यांचे तुकडे आठ-दहा दिवसांच्या अंतराने पेरा. पाखरे राखायला माणूस लागेल, त्याची मजुरी आधीच धरा.

मोठी अडचण घरातली आहे. हुरड्याचे दिवस तेच वेचणीचे दिवस. पहाटे पाणी भरून, दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाईला "चार मोटारी आल्या, पानगे टाक" असे सांगणार असाल तर हा धंदा करूच नका. रिसॉर्टातल्या बाईला निदान रोज मिळतो. पीठ, डाळ, तेल, गोवऱ्या, राखणदार, भांडी घासणारी यांच्या बरोबरीने घरच्या बाईची मजुरीही ताटाच्या किमतीत धरा, वेचणीला बाहेरून बाई लावावी लागली तर तीही धरा, आणि मग जो आकडा येईल तो भाव. पैसे तिच्याच हातात पडतील अशी व्यवस्था करा. जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने असा एका ताटाचा हिशेब मांडून आणावा. तो मायबहिणींनी मांडलेला असावा, कारण किती गोवऱ्यांत किती पानगे भाजतात हे आपल्यातल्या फार थोड्या पुरुषांना माहीत आहे.